भंगारातली स्पोर्ट्स कार रस्त्यावर आणायची तर: नागपुरातल्या नवख्यांसाठी

ठोकलेली जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळते, कारण ती उभी करायला किती लागतील याचा अंदाज विकणाऱ्याने घेऊन ठेवलेला असतो आणि घेणाऱ्याने नाही. मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कुठल्याही लेआउटमध्ये फिरा, ताडपत्रीखाली विटांवर चढवलेली एखादी गाडी दिसेलच. बहुतेकांची गोष्ट एकच असते. आधी रंगाला, अलॉय व्हीलला आणि सीट कव्हरला पैसे गेले, मग इंजिन उघडल्यावर खरा आकडा कळला, तोवर खिसा रिकामा झाला होता.

म्हणून या कामाचा माझा एकच नियम आहे. पैसे मधेच संपणार हे धरूनच कामाचा क्रम लावायचा. ज्या दिवशी पैसे संपतील त्या दिवशी गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी असली पाहिजे, ढकलली तर वळली आणि थांबली पाहिजे, आणि सहा महिने तशीच राहिली तरी आणखी बिघडायला नको. खालचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

कुठली गाडी

आपल्याकडे खऱ्या अर्थाने स्वस्त स्पोर्ट्स कार फारशा बनल्याच नाहीत. सॅन स्टॉर्म ही एक होती: दोन सीटांची, छप्पर उघडणारी, फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसी इंजिन. दिसायला गोड, पण काच, दिवे, दाराचं हँडल असं काहीही लागलं की देशभर फोन फिरवावे लागतात. फायबरची बॉडी गंजत नाही, रेझिन आणि मॅट लावून घरी दुरुस्त करता येते, हा तिचा मोठा फायदा. तरी पहिल्याच प्रकल्पाला ती घेऊ नका.

बाहेरून आलेल्या जुन्या गाडीचा मोह तर धरूच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढवलं. साध्या कारला ते १०,००० रुपये झालं आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. बजेट तिथेच बसलं.

राहिल्या त्या २००० सालच्या आसपासच्या, दिसायला घरगुती पण इंजिनाने तगड्या गाड्या. होंडा सिटी १.५ व्हीटेक (१०६ अश्वशक्ती), २००१ मध्ये आलेली फियाट पालिओ १.६ (सोळा व्हॉल्व्हचं, साधारण १०० अश्वशक्तीचं इंजिन), फोर्ड आयकॉन १.६. नवख्याने यांच्यातूनच निवडावं. सिटीचं इंजिन चिवट आहे, ओळखणारे मिस्त्री भरपूर आहेत. पालिओ रस्त्याला चिकटून चालते, पत्राही दणकट, पण पार्टसाठी धावाधाव आहे. मात्र पालिओ, सिएना, पेट्रा, अ‍ॅडव्हेंचर ही सगळी एकाच घराण्यातली, त्यामुळे खालच्या बाजूचे बरेच पार्ट एकमेकांना चालतात. भंगारात पेट्रा दिसली तर पालिओवाल्याने थांबून बघायलाच हवं.

मी माझ्या ओळखीच्या पोरांना एकच विचारतो: या गाडीचा क्लच, लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) आणि पुढची काच कुठून आणणार? तिन्हींची उत्तरं व्यवहाराआधी फोनवर मिळाली तर पुढे चला.

आधी कागद, मग गाडी

चुरगळलेला पत्रा सरळ करता येतो, चुरगळलेले कागद करता येत नाहीत. गाडी बघायला निघण्यापूर्वीच मालकाकडून नंबर घ्या आणि वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर टाका. नोंदणी कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा आहे का, चलन किती थकलेत, गाडी ब्लॅकलिस्ट आहे का, हे तिथे दिसतं.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा असतो. उशीर झाला की कारला महिन्याला ५०० रुपये जादा. वरवर किरकोळ वाटतं. पण चार वर्षं नोंदणी संपून पडलेल्या गाडीचा हिशेब करा, ४८ महिन्यांचे २४,००० होतात, त्यावर नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर. ३० हजारांची गाडी कागदावरच दुप्पट झाली. हा आकडा काढून विकणाऱ्यासमोर ठेवा, किंमत उतरवायला याच्याइतका भक्कम मुद्दा दुसरा नाही.

नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० लागतात. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसांच्या सह्या. एखादा भाऊ पुण्यात आणि बहीण रायपूरला असली की हे काम महिनोनमहिने लोंबकळतं, तेव्हा सगळ्या सह्या हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. नागपुरात एमएच ३१ शहराची, एमएच ४९ पूर्व नागपूरची आणि एमएच ४० ग्रामीणची मालिका. आपला पत्ता कुठल्या आरटीओत येतो ते आधी बघून ठेवा.

दिल्लीत जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडून स्वस्त गाड्या येतात. तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून मगच ‘स्वस्त’ म्हणा.

विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून काढलेली गाडी असेल तर आणखी सावध राहा. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. अशा लिलावातल्या काही गाड्यांची नोंदणी रद्द झालेली असते. नोंदणी रद्द झालेली गाडी फक्त पार्टसाठी घ्यायची, रस्त्यासाठी नाही. कोणी दुसऱ्या गाडीचे कागद ‘लावून देतो’ म्हणाला तर तो गुन्हा आहे, तिथून निघा.

बघायला जाताना

दिवसा जा, गाडी धुतलेली नसावी. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून सोबत न्या. पत्र्यावर तो घट्ट चिकटतो, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) जाड भरलेली असेल तिथे निसटतो. मोठा स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि अंगावर जुने कपडे, कारण गाडीखाली झोपायचं आहे.

चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो तो पत्रा आधी बघा. तो ठोकरीत चेपला असेल किंवा त्याच्या आसपास कापाकापीची वेल्डिंग दिसली तर व्यवहार मोडा. नंबर असलेला तुकडा कापला की गाडी आरटीओत अडकली, मग ती कितीही सुंदर उभी करा. हीच गोष्ट पुढे तुमच्या डेंटरलाही पहिल्या दिवशी खडूने गोल काढून सांगून ठेवायची.

विदर्भातली गाडी असेल तर एक फायदा असतो: समुद्राची खारी हवा लागलेली नसते. त्याच मॉडेलची मुंबई-कोकणातली गाडी आणि अमरावतीची गाडी शेजारी ठेवा, फरक खालून दिसतो. तरी गंज इथेही असतोच, फक्त त्याच्या जागा ठरलेल्या: बॅटरीच्या खालचा ट्रे, डिक्कीतला स्टेपनीचा खड्डा, पायाखालच्या कार्पेटखाली, दाराखालची बॉक्सची पट्टी. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटा. टणक आवाज आला तर ठीक, भुसभुशीत आला तर टोक दाबा. आरपार गेलं तर तेवढ्याचे पैसे कमी करा.

इंजिन जाम असेल तर तोटा मानून भाव करा. चालू असेल तर थंड इंजिन चालू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवायचं आहे.

पैशांची वाटणी

समजा तुमच्याकडे सगळे मिळून अडीच लाख आहेत. मी ते असे वाटेन: गाडी ४५ हजार, कागद २०, सांगाडा आणि पत्राकाम ४०, ब्रेक-सस्पेन्शन-टायर ५०, इंजिन आणि कूलिंग ४५, वायरिंग आणि बॅटरी १५. उरले ३५ हजार, ते रंगाचे. यात राखीव रक्कम वेगळी दिसत नाही, कारण रंगाचे पैसे हीच राखीव. कुठलाही कप्पा फुटला की रंगातून घ्या. प्रायमरमध्ये फिरणारी गाडी हसण्यावारी जाते. चकाकणारी आणि न थांबणारी गाडी कोणाच्या तरी अंगावर जाते.

गाडी ४५ हजारांच्या आत मिळाली तर उरलेले पैसे पार्टसाठी दुसरी भंगार गाडी घ्यायला ठेवा. एका ठोकलेल्या गाडीचं नाक आणि दुसरीची शेपटी शाबूत, अशी जोडी जमली की आरसे, काचा, स्विच, वायरिंगचे कनेक्टर सगळं घरात आलं. मात्र दुसरी गाडी ठेवायला जागा आहे का, आणि घरचे काय म्हणतील, हे आधी बघा.

जागा आणि महिने

स्वतःचा पोर्च किंवा शेड असेल तरच सुरुवात करा. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये उघडलेली गाडी ठेवली की सोसायटीची मीटिंग ठरलेली.

नागपुरात कामाला हंगाम असतो. दिवाळीनंतर गाडी आणा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघडणं आणि पत्राकाम, जानेवारीत इंजिन, फेब्रुवारी संपायच्या आत रंग. एप्रिलपासून ४२-४५ अंशांत पान्हा हातात धरवत नाही आणि मृग लागला की उघडा पत्रा एका रात्रीत तांबडा होतो. ज्यांना हे गणित जमलं नाही त्यांनी उन्हाळ्यात वायरिंग आणि आतली कामं काढावीत, तीही सकाळी.

हत्यारांत कंजूषी दोन ठिकाणी करू नका. एक, गाडीखाली लावायचे जॅक स्टँड. जॅक फक्त उचलायला असतो, त्याच्या भरवशावर खाली जायचं नाही, आणि विटांवर तर अजिबात नाही, त्या न सांगता फुटतात. दुसरं, टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसायचा पाना. विकत परवडत नसेल तर भाड्याने किंवा उसना आणा. मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज आणि ब्रेक पाइपचे फ्लेअर पाने घ्या. बाकीचे पाने, नट-बोल्ट, पत्र्याची शीट, रबरी होज इतवारीच्या लोहा ओळीत आणि आसपास मिळून जातात. तिथे जाताना जुना बोल्ट खिशात न्या. ‘असाच द्या’ म्हणणं सगळ्यात सोपं, आणि बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा जुळवून घ्या. सस्पेन्शनला साधा बोल्ट चालत नाही.

उघडणं

उघडण्याआधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो. प्रत्येक बोल्ट वेगळ्या झिप पिशवीत, त्यावर मार्करने नाव. एवढंच सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही.

पेट्रोलची टाकी पहिल्या दिवशी रिकामी करून काढा. वर्षानुवर्षं पडलेलं पेट्रोल चिकट होतं, वास बदलतो. ते नवीन पेट्रोलमध्ये मिसळून ‘संपवायचा’ विचार करू नका. रबरी फ्युएल होज सरसकट बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००० च्या आसपासचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, तडकतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल झिरपतं. इथेनॉल चालेल असं लिहिलेलाच होज घ्या.

एअरबॅग असेल तर बॅटरी काढून दहा-पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय स्टीअरिंगला हात लावू नका.

सांगाडा: इथे घाई नको

या पिढीच्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. पत्र्याची अख्खी पेटीच वजन पेलते. पुढून ठोकर बसली की बोनेट आणि मडगार्डच्या मागचं अ‍ॅप्रन आणि दोन्ही बाजूंचे लाँग मेंबर, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या लांब तुळया, वाकतात. ते वाकडे राहिले तर अलाइनमेंट कितीही करा, गाडी एका बाजूला ओढतच राहते आणि टायर खाते.

हे घरी मोजता येतं. सपाट फरशीवर गाडी चार जॅक स्टँडवर सारख्या उंचीला घ्या. गवंड्याचा ओळंबा आणा. गाडीखाली दोन्ही बाजूंना जोडीने असलेल्या जागा शोधा: लोअर आर्मचे बोल्ट, सबफ्रेमचे (इंजिनाखालच्या चौकटीचे) बोल्ट, कंपनीने सोडलेली गोल भोकं. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा, तो स्थिर झाला की टोकाखाली फरशीवर खडूने फुली आणि शेजारी नाव. सात-आठ जोड्या झाल्या की गाडी उतरवून बाजूला ढकला. आता फरशीवर तुमच्या गाडीचा नकाशा आहे. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत टेप लावा, मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही तिरकी मापं सारखी यायला हवीत. तीनेक मिलिमीटरचा फरक मापण्यातही येतो. दहा मिलिमीटर आला तर सांगाडा वाकला आहे आणि ती गाडी ओढण्याच्या बेंचवर न्यावी लागेल. फरक कुठल्या जोडीपासून सुरू होतो ते पुढे-मागे मोजून कळतं. फक्त पुढच्या टोकाला असेल तर काम आवाक्यातलं आहे. पायाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीच्या मागे फरक दिसला तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी पार्टला लावा.

हा नकाशा फोटो काढून डेंटरला दाखवा. कडुनिंबाला साखळी बांधून गाडी ओढणारे उस्ताद अजूनही आहेत आणि त्यांचा हात खरंच चांगला असतो, पण ‘नजरेनं सरळ झाली’ आणि टेपने सरळ झाली यात फरक असतो. काम झाल्यावर ओळंबा पुन्हा लावायचा, मगच शेवटचे पैसे. आणि पैसे कामाच्या टप्प्यावर द्या. सगळी रक्कम आधी दिली की तुमची गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागते आणि समोर टॅक्सीवाल्यांची कामं चालू राहतात.

वेल्डिंग सीओटू मशीनने करून घ्या. गॅस वेल्डिंगने पत्रा लांबवर तापतो, मुरडतो आणि मागून लगेच गंजतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि इंजिनचा ईसीएम (कॉम्प्युटर) काढून ठेवा. नवीन तुकडा लावला की आतल्या बाजूला झिंकचा प्रायमर, जोडावर सीलंट, पोकळ बॉक्समध्ये कॅव्हिटी वॅक्स. आणि दाराखालची, बॉक्सखालची पाणी निचरायची भोकं लांबीने किंवा सीलंटने बुजवू देऊ नका. बहुतेक गंज तिथूनच सुरू झालेला असतो.

मोठे सुटे भाग, सबफ्रेम, आर्म, ब्रॅकेट हे सँडब्लास्ट आणि पावडर कोटिंगला हिंगणा एमआयडीसीकडे एकत्र द्या. एकेक घेऊन गेलात तर रिक्षाचेच पैसे जास्त होतील.

ब्रेक, सस्पेन्शन, टायर

इथे सेकंडहँड काही नाही. कॅलिपर आणि व्हील सिलिंडरच्या किट नव्या, रबरी ब्रेक होज नवे, मास्टर सिलिंडर उघडून आत खरवडलेला असेल तर पूर्ण नवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उघडलेली अर्धी बाटली शेल्फवर ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ जे कंपनीने सांगितलं असेल तेच. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण ज्या गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी वाटलेली असते त्यांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा.

लोअर आर्म, बॉल जॉइंट, रॉड एंड, शॉकअपचे माउंट हे जोडीनेच बदला. बुश (आर्मच्या जोडातलं रबर) कसताना गाडी चाकांवर, म्हणजे वजन पडलेल्या स्थितीत असावी. लोंबत्या चाकाला बुश कसला तर तो पहिल्या महिन्यातच पिळून फाटतो. हे बहुतेक गॅरेजवाले करत नाहीत, त्यामुळे शेजारी उभं राहून सांगा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा वर्षांच्या पुढचा टायर मी जलद रस्त्यासाठी धरत नाही. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे आणि मे महिन्यात तिथलं काँक्रीट तव्यासारखं तापतं. जुने टायर घालून पहिली सफर तिथे करायची खुमखुमी आवरा.

या टप्प्याला गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, थांबते, वळते. पैसे संपलेच तर इथे थांबता येतं.

इंजिन आणि नागपूरचं ऊन

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि गिअर ऑइल ओता, काही दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या नटावर पाना लावून हाताने पुढे-मागे हलकेच. सुटलं तर सुटलं. टायमिंग बेल्ट न विचारता नवा घाला, टेन्शनरसकट. या पिढीच्या अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. सगळे प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, गेज लावून चारपाच फेऱ्या फिरवा. चारही सिलिंडरमध्ये फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर खालचं इंजिन उघडू नका, पैसे वाचले. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. म्हणजे फक्त हेड काढून लेथवाल्याकडे फेसिंग आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंगला द्यायचं. या एका चमचा तेलाने हाफ इंजिनचा, म्हणजे खालचं इंजिन उघडण्याचा, खर्च टळू शकतो, म्हणून मिस्त्रीने कानाला आवाज लावून ‘इंजिन बसलं’ म्हटलं तरी गेज लावल्याशिवाय मान्य करू नका.

आता कूलिंग. आपल्या शहरात हे इंजिनाइतकंच महत्त्वाचं. रेडिएटर उघडला की जवळजवळ दरवेळी हे ऐकायला मिळतं:

“भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाका नं. इथच्या उन्हात त्याचं काही काम नाही.”

“राहू द्या उस्ताद. नवीन आणून देतो.”

थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढला तर इंजिन थंडीत कधी नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, तेलात ओल राहते. उन्हाळ्यात गाडी तापते ती चांगल्या थर्मोस्टॅटमुळे नाही, चोंदलेला रेडिएटर, कमजोर कॅप, न लागणारा फॅन आणि बोअरच्या पाण्याने साठलेला क्षार यांनी. रेडिएटरवाल्याकडून कोअर साफ करून घ्या, नाहीतर नवा कोअर. कॅप नवीन. फॅनचा रिले आणि तापमानाचा स्विच नवीन. वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या मागे असेल तर बेल्टसोबतच बदला, नाहीतर तीच मजुरी दोनदा लागते. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. नळाचं, बोअरचं पाणी नाही.

मग गाडी जागच्या जागी चालू ठेवून तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत आणि फॅन स्वतःहून लागून बंद होईपर्यंत थांबा. फॅन लागला नाही तर लगेच बंद करा आणि गरम कॅपला हात लावू नका.

वायरिंग

बंद गाडीत उंदीर राहतात, आणि त्यांना सगळ्यात महाग वायर आवडते. पूर्ण हार्नेस काढून नवीन ‘लोकल’ हार्नेस घालण्यापेक्षा कुरतडलेल्या वायरी एकेक करून, त्याच जाडीची वायर जोडून, सोल्डर आणि हीट श्रिंकने दुरुस्त करा. मधोमध टेप गुंडाळलेला जोड दिसला की तो उघडायचाच. आधीच्या मालकाने हॉर्न, अलार्म, म्युझिक सिस्टिमसाठी काढलेल्या टॅपिंग वायरी सगळ्या काढून टाका.

निम्म्या ‘इलेक्ट्रिक प्रॉब्लेम’चं मूळ अर्थिंगमध्ये असतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. मदतनीसाला स्टार्टर मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी खराब आहे. दोन्ही टोकं घासून चकचकीत करा, पुन्हा मोजा. दोन-तीनशे रुपयांच्या पट्टीसाठी नवा स्टार्टर घेणारे लोक आहेत.

रंग

पैसे उरले असतील तर. लांबी फक्त समतल करायला, दोनेक मिलिमीटरपर्यंत. खड्डा लांबीने भरायचा नसतो, पत्रा मागून उचलायचा असतो. रंग शक्यतो फेब्रुवारीच्या आत, आणि टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग). एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त पडतो आणि चुकला तर घासून काढता येतो, पण आपल्या उन्हात लवकर फिका पडतो. मार्चनंतर मारायची वेळ आलीच तर स्लो थिनर घ्या आणि सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात वर पांढरट झाक येते.

पीयूच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक असतो. तोंडाला रुमाल बांधून घरी पीयू मारू नका. पेंटरकडेच द्या, तो चांगला मास्क वापरतो का बघा. घरी प्रायमरपर्यंतचं घासकाम करून नेलं तर मजुरी बरीच कमी होते.

रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद बदलावी लागते. वेगळं इंजिन बसवणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी परवानगी. नवख्याने दोन्ही टाळावं, मूळ रंग आणि मूळ इंजिन.

पासिंग आणि पहिले काही शे किलोमीटर

नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. नोंदणी संपलेली असेल तर चालवत जाऊ नका, टोचनची व्हॅन करा. वाटेत काही झालं तर विमाही हात वर करतो. जाण्याआधी निदान थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी हवं. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ती आधी लावून घ्या. चेसिस नंबरची पेन्सिल छाप घरीच घेऊन ठेवा: नंबर ब्रशने साफ करा, वर पारदर्शक टेप, टेपवर पेन्सिल हलक्या हाताने. हॉर्न, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हँडब्रेक हे साहेब बघतातच.

पास झाल्यावर पहिले दिवस गाडी लेआउटच्या आत, मग रिंग रोडला, मग काटोल रोडला थोडं लांब. प्रत्येक फेरीनंतर चाकाच्या रिमला हात लावून बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथला ब्रेक अडकतो आहे. गाडीखाली रात्री पुठ्ठा घाला. सकाळी त्यावर काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, लालसर म्हणजे बहुधा पॉवर स्टीअरिंगचं, हिरवा किंवा गुलाबी गोडसर वासाचा म्हणजे कूलंट. चाकाजवळ पिवळट, पातळ आणि निसरडा डाग दिसला तर ब्रेक ऑइल गळतं आहे, ती गाडी त्या दिवशी बाहेर काढायची नाही.

पन्नास किलोमीटरला चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. इंजिन उघडलं असेल तर ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उघडा. आतल्या कागदाच्या घड्यांवर करडी बारीक पूड असेल तर नव्या रिंगा बसताहेत. चमकणारे कण, तांबूस किंवा चंदेरी, दिसले तर बेअरिंग जातंय. त्याच दिवशी इंजिन बंद करा आणि लेथवाल्याला फोन लावा.